लुटारू कुणाला म्हणायचं? चाच्यांचे आणि तलवारबाजीचे जुने सिनेमे बघताना

(महागाव, जि. यवतमाळ येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



समुद्री चाच्यांच्या सिनेमांवर बोलायला आम्ही महागावला आलो, याची गंमत आम्हालाही वाटते आहे. इथून अरबी समुद्र पाचशे किलोमीटरांहून जास्त लांब. जवळची मोठी नदी म्हणजे पैनगंगा, आणि भर उन्हाळ्यात तिच्यात होडी घालायची तर ती होडीच खांद्यावर घेऊन चालावं लागेल. पण या सिनेमांचा चाहता व्हायला समुद्र लागत नाही. ज्या लोकांनी ते जगभर डोक्यावर घेतले, त्यांतल्या बहुतेकांनी शिडाचं जहाज उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

आपल्याकडच्या एका पिढीला चाचे भेटले ते पुस्तकातून. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं आणि वेताळ घराघरांत पोचला. पहिल्या वेताळाचा बाप चाच्यांनी मारला, मग त्यानं मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतली, ही कथा इथल्या अनेकांना पाठ असेल. त्या चाच्यांच्या टोळीचं नाव आठवतं का? सिंग. म्हणजे मुखवटेवाला गोरा नायक आणि लुटारू मात्र 'सिंग'. दहाव्या वर्षी हे खटकत नाही. चाळिसाव्या वर्षी खटकतं, आणि तरीही ती गोष्ट वाचायला मजा येते. आज बोलायचं आहे ते याच दोन गोष्टींबद्दल. मजा कशात आहे ते नीट पाहू, आणि जे खटकतं त्याचं करायचं काय, तेही पाहू.

आधी नावाचा निकाल लावू. समुद्रावरचा असेल तर आपण त्याला चाचेपट म्हणू. जमिनीवरचा, म्हणजे रॉबिन हूड, झोरो वगैरे, त्याला तलवारपट. इंग्रजीत दोघांना मिळून 'स्वॉशबकलर' म्हणतात. हा शब्द मुळात शिवीच होता. छोट्या ढालीवर तलवार आपटून नुसता आवाज करणारा, बढाईखोर गडी, असा त्याचा अर्थ. लढण्यापेक्षा लढण्याचा थाट मोठा. सिनेमानं ती शिवी उचलली आणि तिचा प्रकारच करून टाकला.

आता आमचं मुख्य म्हणणं सांगतो. चांगला चाचेपट समुद्रावर सुरू होत नाही. तो कोर्टात सुरू होतो.

'कॅप्टन ब्लड' घ्या. साल १९३५, दिग्दर्शक मायकेल कर्टिझ, कादंबरी राफाएल सबातिनीची. नायक एरॉल फ्लिन, ज्याला तोपर्यंत हॉलिवुडात फारसं कुणी ओळखत नव्हतं. सिनेमाचा सुरुवातीचा भाग नीट बघा, त्यात चाचा नाहीच. काळ १६८५ चा. इंग्लंडच्या राजाविरुद्ध, दुसऱ्या जेम्सविरुद्ध, मॉनमथच्या ड्यूकनं बंड केलंय. पीटर ब्लड हा डॉक्टर. रात्री कुणी दार ठोठावतं, जखमी माणसाकडे चला म्हणतं, आणि हा पिशवी उचलून जातो. जखमी माणूस बंडखोर निघतो. शिपाई दोघांनाही धरतात. पुढे न्यायाधीश जेफ्रीजचं कोर्ट. ब्लड सांगतो की मी डॉक्टर आहे, जखमीवर उपचार करणं माझं काम आहे. कोर्ट म्हणतं, राजद्रोह. शिक्षा मृत्यूची. मग राजाला कुणी तरी सुचवतं की एवढी माणसं फासावर देऊन फायदा काय, वेस्ट इंडीजमध्ये विकली तर पैसे येतील. म्हणून ही माणसं जहाजात कोंबून जमैकाला नेतात आणि बाजारात उभी करतात. डॉक्टर ब्लड दहा पौंडांना विकला जातो.

एवढं झाल्यावर हा माणूस जहाज पळवून चाचा होतो, तेव्हा बघणारा काय म्हणतो? बरं केलं. इथेच सिनेमा जिंकला. पुढच्या तोफा, शिडं, वाळूवरची तलवारबाजी, सगळं त्या एका निकालाच्या व्याजावर चालतं. निकाल जितका उघडउघड अन्यायाचा, तितकी पुढची लढाई रंगते. आपल्या तमाशातल्या वगातही दरबार आधी येतो ना? अक्कलशून्य राजा, कान फुंकणारा प्रधान. प्रेक्षकाला तिथेच चीड आणायची, मग नाच्याच्या एकेका टोल्याला टाळी पडते. गणित तेच.

जहाज हाती आल्यावर ब्लड आणि त्याची माणसं पहिलं काय करतात, तेही बघण्यासारखं आहे. ती बसून करारनामा लिहितात. लूट कशी वाटायची, कुणाचा हात गेला, पाय गेला तर भरपाई किती. हे नुसतं सिनेमावाल्यांच्या डोक्यातून आलेलं नाही. सतराव्या शतकात कॅरिबियन समुद्रातले चाचे असे करार खरोखर करत. एक्सक्वेमेलिन नावाचा त्यांच्यातच राहिलेला माणूस होता, त्याचं पुस्तक १६७८ साली आलं. त्यात हिशेब दिलाय: उजवा हात गेला तर चांदीची सहाशे नाणी, किंवा सहा गुलाम.

पुन्हा वाचा. किंवा सहा गुलाम.

म्हणजे ज्यांनी आपसांत बरोबरीचा करार केला, त्यांच्याच कागदावर दुसरी माणसं चलन म्हणून लिहिलेली आहेत. सिनेमाला करारनाम्याचा पहिला भाग आवडतो, दुसरा परवडत नाही. 'कॅप्टन ब्लड'मध्ये गुलामीचा सगळा संताप गोऱ्या कैद्यांच्या वाट्याला येतो. जमैकाची साखर ज्यांच्या पाठीवर उभी राहिली, ती आफ्रिकेतून ओढून आणलेली माणसं चौकटीच्या कडेला असतात. हे डोळ्यांआड करू नये. आम्ही हा सिनेमा अनेकदा पाहिला आहे, दर वेळी आवडला आहे, आणि दर वेळी ती कडेची माणसं जास्त दिसायला लागली आहेत.

आता कॅरिबियनमधून थेट पुण्याला येऊ. कारण कोर्टातून सुरू होणारा आम्हाला माहीत असलेला सगळ्यात धारदार चाचेपट पुण्यात तयार झाला. 'कॅप्टन ब्लड' नंतर एकाच वर्षानं.

'अमरज्योती', १९३६. प्रभात फिल्म कंपनीचा हिंदी चित्रपट, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं, कथा के. नारायण काळे यांची, संगीत मास्टर कृष्णरावांचं. प्रभात १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला आली. तिचा स्टुडिओ जिथे होता तिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पुण्यातही समुद्र नाही, हे महागावकरांनी लक्षात घ्यावं. जहाजं, डोलकाठ्या, दोरखंड, गुहेसारखा अड्डा, हे सगळं उभं करणारे कलादिग्दर्शक होते साहेबमामा फत्तेलाल.

आणि यातला चाचा बाई आहे. सौदामिनी. भूमिका दुर्गा खोटे यांची.

तिची तक्रार काय? सोनं नाही, सिंहासन नाही. तिला तिचं मूल हवंय. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई राज्याच्या दरबारात मागते की माझा मुलगा माझ्याकडे द्या. न्याय खात्याचा मंत्री दुर्जय तिला सांगतो की कायद्यानं मुलावर आईचा हक्कच नाही. गंमत बघा, गादीवर राणी बसलेली आहे. राज्य बाईचं, कायदा मात्र बाईला गुलाम म्हणणारा. सौदामिनी तिथून उठते आणि समुद्रावर जाते. टोळी जमवते, राज्याची जहाजं लुटते, आणि एक दिवस दुर्जयच तिच्या हाती लागतो. ती त्याला मारत नाही. त्याचा पाय तोडते. दुर्जय झालेले चंद्रमोहन. दोन वर्षं आधी 'अमृतमंथन'मध्ये ज्यांचे नुसते डोळे पडदाभर दाखवून शांतारामांनी लोकांना घाबरवलं होतं, तेच. त्या लुटीतच राजकन्या नंदिनी सापडते. ती शांता आपटे. पुढची कथा आम्ही सांगत नाही, बघायची आहे तुम्हाला.

हे त्या काळच्या प्रेक्षकाला काय वाटलं असेल, याचा विचार करायचा तर कायदा बघावा लागतो. १९३६ साली हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक बाप. आई नंतर. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा झाला. त्यात पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईच्या ताब्यात राहावं, असं आलं. पण नैसर्गिक पालक म्हणून तिथेही बाप आधी आणि 'त्याच्यानंतर' आई. हा 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावर का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला गीता हरिहरन यांच्या खटल्यात, १९९९ साली. कोर्टानं सांगितलं की नंतर म्हणजे मृत्यूनंतर असं नव्हे. बाप गैरहजर असेल, मुलाकडे बघत नसेल, तर आई पालक आहेच. सौदामिनीनं दरबारात जो प्रश्न विचारला, त्याला असं अर्धंमुर्धं उत्तर मिळायला त्रेसष्ट वर्षं गेली. आणि दुर्गाबाई स्वतः तरुणपणीच वैधव्य आलेल्या, दोन मुलांना वाढवणाऱ्या. प्रतिष्ठित घरातली बाई सिनेमात कशी काय, असं विचारणाऱ्या काळात त्या पडद्यावर तलवार घेऊन उभ्या होत्या. हे माहीत असलं की दरबारातला त्यांचा आवाज वेगळाच लागतो.

चित्रपट निर्दोष आहे असं नाही. उत्तरार्धात नंदिनीचं प्रेम येतं, धनगराचा पोर येतो, रानातली गाणी येतात, आणि तेवढा वेळ जहाज बंदरात थांबल्यासारखं होतं. संवाद नाटकी आहेत, भाषा जड आहे. सौदामिनीचा सल्लागार शेखर, तो स्वतः काळ्यांनीच केलाय, तिच्याशी सूडावर वाद घालत बसतो. आम्हाला तो वाद आवडतो, सगळ्यांना आवडेल असं नाही. पण 'कॅप्टन ब्लड'शी तुलना केली तर एक गोष्ट स्पष्ट आहे. ब्लडला न्याय मिळतो कारण राजा बदलतो. नवा राजा चांगला, मग तोच चाचा गव्हर्नर होतो. सौदामिनीचा प्रश्न राजा बदलून सुटणारा नाही. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात हा चित्रपट त्याच वर्षी गेला होता. आपण मात्र प्रभातचं नाव काढलं की 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस' म्हणतो आणि ही बाई राहून जाते.

कोर्ट झालं, आता मारामारी. कारण खरं सांगायचं तर आपण बसतो ते त्यासाठीच.

जुन्या तलवारपटातली लढाई बघताना एकच सवय लावून घ्या: पाय बघा. आजच्या सिनेमात दर सेकंदाला चौकट बदलते, कोण कुणाला मारतोय कळत नाही. जुन्या पटात नट डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, आणि बराच वेळ दिसतो. लपवायला जागा नाही. हे लढाई बसवणारे वस्ताद वेगळे असत. त्यांतला एक मोठा माणूस फ्रेड कॅव्हेन्स, मूळचा बेल्जियमचा. त्याचं तंत्र असं, की खरी तलवारबाजी फार लहान हालचालींची आणि फार वेगाची असते, बघणाऱ्याला काही दिसतच नाही. म्हणून पडद्यावर हालचाल मोठी करायची, पण चुकीची करायची नाही. 'कॅप्टन ब्लड'मध्ये समुद्रकाठी फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन लढतात. रॅथबोन शिकलेला तलवारबाज, फ्लिनपेक्षा कितीतरी सरस. पण खलनायक असल्यानं दर वेळी हरायचा. १९३८ च्या 'रॉबिन हूड'मध्येही हरला. हे एकदा कळलं की त्या लढाया दुप्पट मजेदार होतात. कोण कुणाला सांभाळून घेतोय ते दिसायला लागतं.

आणि लढताना दोघं बोलत असतात. एक वार, एक टोमणा. दुसरा वार, दुसरा टोमणा. हे आपल्याला नवीन नाही. फडावरचे सवाल-जवाब म्हणजे दुसरं काय? हातात डफ असो नाहीतर तलवार, समोरच्याला निरुत्तर करायचं. म्हणूनच खलनायक हुशार लागतो. मूर्खाशी सवाल-जवाब रंगत नाही.

डग्लस फेअरबँक्स यांचा 'द ब्लॅक पायरेट' १९२६ चा. मूकपट, पण दोन रंगांच्या टेक्निकलरमध्ये. त्यात ते डोलकाठीवरून शिडात खंजीर खुपसतात आणि शीड टरटर फाडत खाली घसरत येतात. ही करामत पुढे किती जणांनी उचलली याची गणती नाही. १९५२ च्या 'द क्रिम्झन पायरेट'मध्ये बर्ट लँकेस्टर आहे. हा मुळात सर्कशीतला कसरतपटू. त्याच्यासोबतचा मुका गडी म्हणजे निक क्रॅव्हट, सर्कशीतला त्याचा खरा जोडीदार. क्रॅव्हटची बोली इतकी ठसठशीत न्यूयॉर्कची होती की जुन्या काळात ती चालेना, म्हणून त्याला मुकाच करून टाकला! हा सिनेमा कोर्टाच्या आमच्या नियमात बसत नाही. सुरुवातीलाच नायक दोरावरून झोका घेत प्रेक्षकाला सांगतो की दिसतं त्यातलं अर्धंच खरं माना. म्हणजे ही सर्कसच आहे, न्याय वगैरे नंतर. आम्हाला तो फार आवडतो. नियमाला एवढी सूट द्यायला हरकत नाही.

आपल्या मुंबईत हे वेड आणलं वाडिया बंधूंनी. जे. बी. एच. वाडिया हे फेअरबँक्स यांचे भक्त. धाकटे होमी. १९३५ चा त्यांचा 'हंटरवाली', त्यात नादिया: बापाला कैद करणाऱ्या प्रधानाविरुद्ध मुखवटा चढवून, हातात चाबूक घेऊन उतरलेली राजकन्या. हे वाडिया मुंबईच्या जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्यातले. त्या घराण्यानं मुंबईत बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे १८१७ सालचं सागवानी लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. पणजोबांनी खरी जहाजं बांधली, पणतूंनी पडद्यावर उड्या मारायला लावल्या.

आता खटकण्याकडे येऊ. फ्लिनचाच १९४० चा 'द सी हॉक'. यात तो कॅप्टन थॉर्प, इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचा माणूस. स्पेनची जहाजं लुटतो. राणी दरबारात सगळ्यांसमोर रागावते आणि आतून खूश असते. पात्र बेतलंय ते सर फ्रान्सिस ड्रेकवर. खऱ्या ड्रेकला राणीनं १५८१ साली 'सर' केलं. स्पेनच्या लेखी तो चाचाच होता. म्हणजे एकच माणूस, एकच धंदा, लंडनमध्ये सरदार आणि माद्रिदमध्ये लुटारू. सिनेमा लंडनच्या बाजूनं आहे, आणि आपणही दोन तास लंडनच्या बाजूनं होतो.

पण हाच नियम आपल्या किनाऱ्याला लावून बघा. कान्होजी आंग्रे, मराठ्यांचे सरखेल. कुलाबा, विजयदुर्ग, खांदेरी ही त्यांची ठाणी. आपल्या पाण्यातून जायचं तर आमचं दस्तक घ्या, हा त्यांचा नियम. दस्तक म्हणजे परवाना. हा नियम काही त्यांनी शोधलेला नाही. पोर्तुगीज दोनशे वर्षं आधीपासून 'कार्ताझ' नावाचा असाच परवाना हिंदी जहाजांना सक्तीनं विकत होते, आणि नसेल तर जहाज जप्त करत होते. इंग्रजही आपले परवाने देत. तिघांच्या कागदात फरक एवढाच की तिसऱ्या कागदावर कान्होजींचा शिक्का होता. कंपनीनं तो मानला नाही. १७१२ साली कान्होजींनी मुंबईच्या गव्हर्नरची नौका धरली. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. १७२९ साली कान्होजी वारले तोवर कंपनीच्या कागदांत त्यांचं नाव एकच: चाचा आंग्रिया.

त्यांची लढाई पडद्यासाठीच केल्यासारखी होती, हे आम्हाला मुद्दाम सांगायचंय. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं, पुढच्या टोकाला तोफा असलेलं जहाज. गलबत त्याहून लहान, वल्ह्यांवरही चालणारं. वारा पडला की युरोपी मोठं जहाज जागच्या जागी खिळायचं. मग गलबतं गुराबांना दोर लावून ओढत नेत, आणि त्या मोठ्या जहाजाच्या मागच्या बाजूनं येत, जिथे त्याच्या तोफा कमी. आधी शिडं आणि दोर तोडायचे. सुटायची वाट बंद झाली की चहूकडून माणसं वर चढवायची. १७३५ साली कान्होजींचे पुत्र संभाजी आंग्रे यांनी कंपनीचं 'डर्बी' हे मोठं जहाज धरलं. शेवट मात्र कडू आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाला आरमार जळालं ते तुळाजी आंग्र्यांचं. समुद्राकडून इंग्रजांचा वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीकडून खुद्द पेशव्यांचं सैन्य. यात कुणाची बाजू घ्यायची ते घ्या, पण पेशव्यांनाही तुळाजी नकोसे झाले होते हे विसरून चालत नाही. हा माल जर कर्टिझच्या हाती पडता तर त्यानं काय केलं असतं!

हॉलिवुडच्या हाती तो पडला २००७ साली. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या तिसऱ्या भागात जगातले नऊ चाचे-सरदार जमतात, त्यांत एक आहे 'श्री संभाजी', हिंदी महासागराचा. भरजरी फेटा, मागे चवऱ्या ढाळणारे नोकर, मालकाच्या वतीनं तेच बोलतात. आणि साहेब स्वतः तोंड उघडतात तेव्हा चिरका आवाज निघतो, प्रेक्षक हसतो. अलिबागेत कान्होजींची समाधी आहे, मुंबईत भारतीय नौदलाचं ठाणं आय.एन.एस. आंग्रे या नावानं आहे, आणि पडद्यावर त्यांच्या मुलाच्या नावाचा हा विदूषक. राग यावा असंच आहे. आमचं म्हणणं एवढंच, की रागावून सिनेमा बंद करू नका. त्या सिनेमात सगळेच विदूषक आहेत, नायकसुद्धा. खरा प्रश्न वेगळा आहे. थॉर्पला सुरुवातीला राणीचा दरबार मिळाला, ब्लडला कोर्ट मिळालं, म्हणून ते आपल्याला माणसं वाटले. या संभाजीला कोर्टच दिलेलं नाही. तो आधीपासूनच चाचा आहे, जन्मजात.

जन्मजात हा शब्द आम्ही जपून वापरला, कारण आपण यवतमाळ जिल्ह्यात बसलो आहोत. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यानं वेगवेगळ्या प्रांतांत कितीतरी जमाती अख्ख्याच्या अख्ख्या गुन्हेगार ठरवल्या. खटला नाही, साक्ष नाही, मूल जन्मलं की नोंद. तो कायदा जाऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज कैकाडी आहेत, पाल पारधी आहेत, वडार आहेत, बंजारा आहेत. इथल्या तांड्यांवर ही गोष्ट आम्ही सांगायची गरज नाही. लमाणांच्या बैलांनी किनाऱ्यावरचं मीठ या वऱ्हाडात आणलं, आणि वाहतूक करणाऱ्या त्याच माणसांवर सरकारी कागदांत संशयाचा शिक्का पडला. त्याच समाजातले, इथून जवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते. समुद्र लांब असला तरी लुटारू कोण हे कागदावर कुणी लिहिलं, हा प्रश्न महागावला लांबचा नाही. म्हणून चाचेपट बघताना आम्ही आधी विचारतो, याचा निकाल कुणी दिला आणि याला बोलू दिलं का?

थोडं उरलंसुरलं. गुरु दत्त यांचा 'बाज', १९५३. सोळाव्या शतकातला मलबार किनारा, पोर्तुगीजांचा जुलूम, आणि त्यांच्याच जहाजावर बंड करून पुढारी होणारी गीता बाली. कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा, संगीत ओ. पी. नय्यर यांचं. चित्रपट चालला नाही आणि का चालला नाही ते बघताना कळतं: राजवाड्यातला भाग फार रेंगाळतो. पण जहाजावरची गीता बाली चुकवू नये. मराठीत आपला तलवारपट घोड्यावरून आला, भालजी पेंढारकरांच्या हातून. १९६३ चा 'मोहित्यांची मंजुळा' बघा, जयश्री गडकर यांच्यासाठी आणि 'आनंदघन' या नावानं लता मंगेशकरांनी दिलेल्या संगीतासाठी.

शेवटी सगळे विचारतात ते सांगतो: सुरुवात कुठून करावी, आणि मुलांना दाखवावेत का. 'अमरज्योती' शोधताना चोरून बघतोय असं वाटून घेऊ नका. आपल्या कायद्यानं चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं असतो, त्याचा कधीच संपला. चाच्यांचा सिनेमा, पण चाचेगिरी न करता! आमचा क्रम असा: पहिल्यांदा 'कॅप्टन ब्लड', त्याच आठवड्यात 'अमरज्योती', म्हणजे दोन्ही कोर्टं शेजारी ठेवता येतात. मग 'द क्रिम्झन पायरेट', डोकं हलकं करायला. 'द सी हॉक' त्यानंतर. मुलांसोबत बसणार असाल तर 'अमरज्योती'तला पाय तोडण्याचा प्रसंग आधी स्वतः बघून ठरवा. 'द ब्लॅक पायरेट' मूकपट आहे, तिथे भाषेचा प्रश्न येत नाही. अधूनमधून इंग्रजी पाट्या येतात, त्या घरातल्या मोठ्या पोरीला मोठ्यानं मराठी करून सांगायला लावा. आणि खंजिरानं शीड फाडण्याच्या प्रसंगाआधी पाटी वाचणारीला थांबायला सांगा, तिलाही तो बघायचा असतो.